कालच्या नोंदीत दुरुस्ती

आधी माझी चूक सांगून टाकतो. शेवटी सांगायची म्हणून मागे ठेवली, तर मी मध्येच कुठेतरी थांबेन. थांबायची मला आठ वर्षांची सवय आहे.

चाचांनी पुण्याला एका म्हाताऱ्या माणसाला द्यायला म्हणून माझ्याकडे सात वह्या दिल्या होत्या. त्या मी इथल्या विमानतळावरच बॅगेतून बाहेर काढल्या आणि परत आल्यावर चाचांना सांगितलं, दिल्या. त्या वह्यांची दुसरी प्रत नव्हती. आता पहिलीही नाही.

चाचा म्हणजे माझे कोणी नात्यातले नव्हेत. ते रत्नागिरीकडचे, दाभोळच्या खाडीकाठचे मुसलमान. मी पुण्याचा, इंजिनिअर. इथे आखातात, सित्रामधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते ड्रॉइंगचं ऑफिस सांभाळायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षं झाली होती. उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, उजव्या अंगठ्याला कायम लाल शाई. आणि जुलै महिन्यात गळ्यात लोकरीचा मफलर. बाहेर डांबर वितळत असायचं आणि हा माणूस एसीच्या नावाने मफलर घट्ट करत बसलेला असायचा.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. एखाद्या ड्रॉइंगमध्ये बदल झाला की नवं ड्रॉइंग सगळ्यांना वाटायचं, जुनं सगळ्यांकडून परत घ्यायचं आणि त्यावर रद्द झाल्याचा लाल शिक्का मारायचा. जुन्या ड्रॉइंगवर कोणी काम केलं तर पाइप भलत्या जागी जातो आणि मग तोडातोडी. म्हणून त्यांनी नियम केला होता, लाल शिक्क्याचा कागद कोणाच्या टेबलावर दिसता कामा नये. दिसला की उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. दर गुरुवारी पोतं बारीक तुकडे करायला जायचं. हा नियम लक्षात ठेवा. मला तो विसरता येत नाही.

चाचांना ऑफिसात सगळे वेडा समजायचे, ते मात्र यापैकी कशामुळे नाही. ते मेंबरमुळे.

मेंबर म्हणजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या विधानसभेत बसलेला एक माणूस. आपल्याकडच्या भाषेत आमदार. त्याचं नाव इतिहासात कुठे नाही, म्हणून मीही लिहीत नाही. आमच्या वर्कशॉपवर पूर्वी एक अमेरिकन सुपरिंटेंडंट होता. नोकरी संपवून जाताना त्याने अमवाज बेटावरचा फ्लॅट रिकामा केला आणि नको असलेली खोकी ऑफिसात आणून टाकली. एका खोक्यात दोन पुस्तकं होती. एक त्या विधानसभेच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींचं जाडजूड पुस्तक, आणि दुसरी मेंबरच्या घरच्यांनीच छापून घेतलेली त्याच्या आयुष्याची लहानशी पुस्तिका. मेंबर हा त्या सुपरिंटेंडंटचा पणजोबा.

"मी विचारलं त्याला, हे चुकून टाकलंस काय?" चाचा सांगायचे. "तर बोलतो, नो नो, थ्रो इट. स्वतःच्या पणजोबाला थ्रो इट! मग म्हटलं, राहूदे माझ्याकडे. कपाटात जागा हाय."

कपाटातून मेंबर हळूहळू चाचांच्या डोक्यात गेला. मेंबर घोड्यांचे लगाम, खोगिरं शिवणारा कारागीर होता. मोटारी आल्या, धंदा बसला, तेव्हा तो राजकारणात आला. तीनदा निवडून आला, चौथ्यांदा पडला. शेवटची वर्षं त्याने एका शाळेत झाडलोट करण्यात आणि घंटा वाजवण्यात काढली. हे सांगताना चाचांचा आवाज चढायचा. "आमदार होता आणि मग शाळेत झाडू मारत होता! आपल्याकडे एक दाखव असा. सरपंच झाला तरी लोक बुलेटवरून उतरत नाय."

आमचा मल्याळी फोरमन त्यांना चिडवायचा. "चाचा, आपका मेंबर इस बार जीता क्या?"

"हारा," चाचा शिक्का मारता मारता म्हणायचे. "लेकिन बराबर हारा. तू तो जीतके भी गलत जगह वेल्डिंग करता है."

तीन वेळा निवडून येऊन मेंबरने आणलेलं महत्त्वाचं विधेयक एकच. दुकानांत दिवसभर उभ्याने माल विकणाऱ्या मुलींना बसायला खुर्ची असावी, एवढंच. चाचांना यापेक्षा मोठं काम कोणी केलंय असं वाटत नसे. त्यांच्या टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. साइटवरून तेला-ग्रीसने भरलेला फिटर आला तरी त्याला बसावं लागायचं. "पहले बैठो. खडे-खडे कागद नहीं मिलेगा." इंजिनिअरलोक वैतागायचे. मीही वैतागायचो. घाईत असताना कोणी जबरदस्तीने बसवलं की मला राग यायचा.

हमद टाउनला त्यांच्या खोलीखाली एक कोल्ड स्टोअर होतं. दूध, खबूसच्या रोट्या, सिगारेट विकणारं लहानसं दुकान. तिथला बंगाली नोकर सकाळपासून उभा. चाचांनी त्याला प्लास्टिकची खुर्ची नेऊन दिली. मालकाने ती बाहेर काढली, बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणून. चाचांनी दुसरी दिली. तीही गेली. तिसऱ्या वेळी चाचा स्वतःच खुर्ची घेऊन दुकानात गेले आणि मालक येईपर्यंत तिच्यावर बसून राहिले. मालक आला, पाहिलं, म्हणाला, "शू हाजा? क्या है ये?" चाचा म्हणाले, "कुर्सी है." मग मालकाने चहा मागवला. खुर्ची राहिली.

याच कोल्ड स्टोअरच्या आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये चाचा कोपरापर्यंत हात घालून उभे असलेले मी पाहिलेत. मेंबर बर्फातून चालत विधानसभेत जातो, असा प्रसंग त्यांना लिहायचा होता आणि आकाशातून पडलेला बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "आधी जळतं रे," मला म्हणाले, "गार नंतर लागतं. लिहून ठेवतो."

तर ते लिहीत होते. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की जेवायचं आणि लिहायला बसायचं. मेंबरचं चरित्र, मराठीतून. मी एकदा विचारलं, मराठीतून का? म्हणाले, "चौथीपर्यंत उर्दू शाळा. पाचवीत मराठी शाळेत घातला. बोलायचो पण लिहिता येत नव्हतं. गुरुजी शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे, रोज एक पान लिहून घ्यायचे. मोठं काय लिहायचं तर ते त्यांच्या भाषेत." अकरा वर्षं त्यांनी हे केलं. सात वह्या भरल्या. मेंबरची शाळेतली शेवटची वर्षं तेवढी राहिली होती, ती आठव्या वहीत यायची होती.

त्यांची आणखी एक खोड होती. तिच्यामुळेच मला हे लिहावं लागतंय.

विधानसभेत म्हणे रोज सकाळी आधी आदल्या दिवसाची नोंद वाचली जाते आणि कोणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर तो उभा राहून सांगतो. चाचांनी ही पद्धत कंपनीच्या बसमध्ये आणली. पहाटे साडेपाचला बस हमद टाउनच्या राउंडअबाउटवरून आम्हांला उचलायची. सगळे पेंगत असायचे. चाचा माझ्या शेजारी बसायचे आणि बस हायवेला लागली की विचारायचे, "कालच्यात काय दुरुस्ती?"

म्हणजे काल आपण एकमेकांना काही चुकीचं सांगितलं असेल, जास्त बोललो असू, तर आता सांगून टाकायचं. बहुतेक वेळा ते स्वतःच सांगायचे. "काल मी फोरमनला गाढव बोललो. तो गाढव नाय. त्याला चष्मा पायजे." किंवा, "काल बोललो की पापलेट ताजं होतं. नव्हतं." मग माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "काही नाही चाचा." ते समाधानाने डोळे मिटायचे. सित्रा येईपर्यंत झोपायचे.

आता त्या सुट्टीचं.

इथे सुट्टीला जाणाऱ्याच्या बॅगेत दुसऱ्यांचं सामान असतंच. कोणी औषध देतं, कोणी मोबाइल, कोणी खजूर. नाही म्हणायची रीत नाही, कारण उद्या आपलंही कोणीतरी नेणार असतं. चाचांनी माझ्यासाठी काय नेलं नव्हतं? माझ्या आईचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र घेऊन ते मुंबईला उतरले तेव्हा त्यांना दापोलीला जायचं होतं. कुरिअर करा म्हटलं होतं मी. ते उलटे पुण्याला गेले, आईला यंत्र कसं लावायचं ते दाखवलं, आणि मग घरी गेले. "हातात दिलं की झालं," म्हणाले. आई अजून त्यांची चौकशी करते.

त्यांचे गुरुजी तेव्हा पुण्यात मुलाकडे राहायला आले होते. वय नव्वदीला टेकलेलं, कानांनी अधू, फोनवर बोलता यायचं नाही. चाचांना वह्या त्यांच्या हातात पडायला हव्या होत्या. "लाल पेनाने तपासतील. मग आठवी लिहीन."

"एक झेरॉक्स तरी काढून ठेवा," मी म्हटलं.

"दुरुस्तीच्या आधी कॉपी काढली की चूक गावभर जाते. हेच तर आयुष्यभर करतोय मी, गावभर गेलेल्या चुका गोळा." कामात त्यांचं हे म्हणणं नेहमीच बरोबर ठरलं होतं.

वह्या त्यांनी पावसापाण्यापासून जपायला ड्रॉइंगच्या जाड कागदात बांधल्या होत्या. रद्द झालेलं ड्रॉइंग. पुड्यावर लाल शिक्का होता. स्वतःचा नियम त्यांनी त्या एकदाच मोडला, कारण तसा कागद बाजारात मिळत नाही.

विमान दुपारचं होतं. काउंटरवर बॅग साडेतीन किलोने जास्त भरली. मागे रांग, पुढे मुलगी तोंड वाकडं करून उभी. मी बाजूला होऊन बॅग उघडली. दूध पावडरचे डबे, बदाम-पिस्ते, बायकोची यादी, मेहुणीसाठी घेतलेला नॉनस्टिक भांड्यांचा सेट. आणि सात वह्या. मी वह्या काढल्या. फार विचार केला असं म्हणता येणार नाही. सेट काढला तर घरी ऐकून घ्यावं लागेल, वह्या काय, पुढच्या खेपेला नेता येतील, इतकाच. कंपनीचा ड्रायव्हर अजून बाहेर होता. त्याला म्हटलं, हे ऑफिसात माझ्या टेबलावर ठेव. त्या भांड्यांचं कोटिंग वर्षभरात निघालं.

महिन्याने परत आलो. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, पहाटे बसमध्ये चाचा शेजारी येऊन बसले. त्यांनी दाढी केली होती, आणि चाचा रविवारी कधी दाढी करत नसत.

"दिल्यास?"

वह्या टेबलावर असतील, आजच कुरिअर करून टाकू, तीन दिवसांत पोचतील, मग खोटं काही राहणारच नाही. असा हिशेब मी एका श्वासात केला.

"दिल्या."

"हातात?"

"हातात."

"काय बोलले?"

"वाचतो म्हणाले."

चाचांनी मान हलवली. "वाचतो म्हणाले," त्यांनी स्वतःशी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी सित्रापर्यंत ते झोपले नाहीत.

ऑफिसात माझं टेबल लख्ख होतं. साफसफाई करणाऱ्या नेपाळ्याला विचारलं, इथे एक पुडकं होतं. तो घाबरला. "लाल ठप्पा था साब. चाचा बोला है, लाल ठप्पा टेबल पे दिखना नहीं मंगता. पोते में डाला." कधी? मी गेलो त्याच आठवड्याच्या गुरुवारी. आतमध्ये वह्या आहेत हे त्याने पाहिलंच नव्हतं. पाहायचं काही कारणही नव्हतं. त्याने चाचांचंच ऐकलं होतं.

त्याच दिवशी मला चाचांच्या ऑफिसात जाता आलं असतं. चाळीस पावलं होती. मी गेलोही. त्यांनी नेहमीप्रमाणे खुर्ची दाखवली, मी बसलो, आणि एका पाइपच्या ड्रॉइंगबद्दल विचारून परत आलो.

मग ते वाट पाहायला लागले. पहिले सहा महिने त्यांनी विषयच काढला नाही. विचारलं तर गुरुजींना घाई होईल, असं त्यांचं म्हणणं. नंतर मोघमपणे, "डोळ्यांचं कसं होतं रे त्यांच्या, तू बघितलंस ना?" मी म्हणायचो, चष्मा होता. नव्वदीच्या माणसाला चष्मा असणारच. अशा सुरक्षित खोट्यांची मला कला साधली होती. दीड वर्षाने गुरुजी गेल्याची बातमी गावाकडून आली. चाचा दोन दिवस कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बसमध्ये म्हणाले, "गुरुजी खोटं बोलायचे नाय. वाईट लिहिलंय असं तोंडावर सांगायचं जड गेलं असेल, म्हणून गप्प राहिले. बरोबर हाय. आम्ही कुठे लेखक."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रिफायनरीची ज्योत दिसत होती.

"त्यांच्या मुलाकडून वह्या मागवू का?" मी विचारलं. हे मी खरंच विचारलं, याची मला अजून लाज वाटते.

"नको. तपासून नापास झालेला पेपर कोण परत मागतं? खलास."

आठवी वही त्यांनी लिहिली नाही. शुक्रवारी दुपारी ते झोपायला लागले. मेंबरचं नाव हळूहळू कमी झालं. फोरमनने चिडवलं तरी नुसते हसायचे. खुर्च्या मात्र तशाच राहिल्या, आणि बसमधला प्रश्नही. "कालच्यात काय दुरुस्ती?" रोज. कामाचा प्रत्येक दिवस, पुढची पाच वर्षं. आणि मी रोज म्हणायचो, "काही नाही चाचा." पुढे पुढे मला त्या बसची धास्ती वाटायला लागली. गाडी घ्यायला हवी, असं मी बायकोला सांगितलं. गाडी घेतली. तरी सकाळी हायवेला लागलो की तो प्रश्न ऐकू यायचा.

मेंबरची एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. चाचांच्या सात वह्यांचा तो गाभा होता. खुर्च्यांचं विधेयक पहिल्यांदा मताला आलं तेव्हा एका मताने पडलं. मेंबरचं स्वतःचं मत त्यात नव्हतं. घरच्यांच्या पुस्तिकेत लिहिलंय की तो त्या दिवशी आजारी होता. चाचांनी कामकाजाच्या जाड पुस्तकात ती तारीख शोधली. आजारपणामुळे गैरहजर, अशी नोंद. पण दोन कागद जुळवून बघायची त्यांना धंद्याचीच सवय. पुढच्या अधिवेशनाच्या नोंदीत त्यांना मेंबर पुन्हा सापडला. तो सभागृहात उभा राहून सांगतो, माझ्या नावापुढची नोंद दुरुस्त करा. मी आजारी नव्हतो, गैरहजरही नव्हतो. दुकानदारांनी दम दिला होता म्हणून मी बाहेरच्या पॅसेजमध्ये उभा होतो, आणि मोजणी मला ऐकू येत होती. अध्यक्ष म्हणतात, त्या अधिवेशनाची नोंद बंद झाली, आता बदलता येणार नाही.

"नाय बदलली," चाचा म्हणायचे. "पण त्याने मागितली ना, ते आजच्या नोंदीत आलं. अध्यक्षाला लिहावंच लागलं. शंभर वर्षांनी मला इथे सित्रात वाचता आलं. नायतर तो आजारीच राहिला असता."

गेल्या महिन्यात चाचांचा व्हिसा संपला. वय झालं, कंपनीने वाढवला नाही. शुक्रवारी दुपारी मी हमद टाउनला गेलो. खोलीत तीन खोकी बांधलेली, भिंतीवरचं घड्याळ उतरवलेलं. एकच खुर्ची उरली होती. बाकीच्या त्यांनी शेजारीपाजारी वाटल्या होत्या. ते स्वतः खोक्यावर बसून दोरी बांधत होते. गळ्यात मफलर.

"ये पुणेकर. बस."

"उभा राहूनच बोलतो, चाचा. मेंबर उभा राहून बोलतो ना."

त्यांचे हात थांबले. कित्येक वर्षांत माझ्या तोंडून मेंबरचं नाव आलं नव्हतं.

"कालच्यात दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "काल म्हणजे आठ वर्षांपूर्वी."

मग मी सगळं सांगितलं. काउंटर, भांड्यांचा सेट, ड्रायव्हर, लाल शिक्का, पोतं. 'वाचतो म्हणाले' हे शब्द मी बसमध्ये तयार केले, तेही सांगितलं. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. अर्धी बांधलेली दोरी अंगठ्याभोवती गुंडाळत होते आणि सोडत होते. खालून कोल्ड स्टोअरचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे गुरुजींनी वाचल्या नाय," ते म्हणाले.

"पाहिल्यासुद्धा नाहीत."

त्यांनी अंगठ्यावरची दोरी सोडून खाली ठेवली. मग अगदी हळू, जणू हिशेब पडताळून बघतायत तसे म्हणाले, "म्हणजे वाईट हाय असं कोणी बोललं नाय."

मी मान हलवली.

चाचांनी मफलरच्या टोकाने चष्मा पुसला. "अकरा वर्षं," म्हणाले. "माझ्याच शिक्क्याने." आणि मग, "ती नोंद बंद झाली रे. आता बदलत नाय."

"माहीत आहे."

ते उठले. वरच्या खोक्याची दोरी सोडली, आत चाचपडलं आणि एक वही काढली. आठवी. कोरी होती. तिची कड पिवळी पडली होती. पुन्हा खोक्यावर बसले, पहिलं पान उघडून गुडघ्यावर ठेवलं, खिशातलं पेन काढलं.

"दुरुस्ती मागितलीस, ती आजच्या नोंदीत लिहावी लागेल," ते म्हणाले. "बोल. सावकाश बोल, मराठी लिहायची सवय गेली."

मी उभाच होतो. ते लिहून होईपर्यंत प्रत्येक वाक्याला थांबत गेलो.

"वह्या मी पोचवल्या नाहीत. पोचवल्या असं सांगितलं. गुरुजी गप्प राहिले नव्हते, मी राहिलो होतो. तुम्ही रोज विचारत होतात आणि मला ऐकू येत होतं. चाचा, मला माफ करा."